अठ्ठावीस शॉट, दोन गुण: १९८५ च्या एका फायनलचा हिशोब

१ एप्रिल १९८५, सोमवारची रात्र. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन नावाचं शहर आहे. तिथल्या रप अरीनामध्ये तेवीस हजारांवर प्रेक्षक बसलेत आणि कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल चालू आहे. एका बाजूला वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ: गतविजेते, क्रमवारीत पहिले, मधोमध सात फुटी पॅट्रिक युइंग. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाजवळचं विलानोवा, ज्यांनी फायनलपर्यंत येताना मोसमात दहा सामने हरले होते. सामना संपला तेव्हा फलकावर विलानोवा ६६, जॉर्जटाउन ६४. दुसऱ्या दिवशी लोकांनी तारीख बघून एप्रिल फूल समजलं असतं तरी त्यांना दोष देता आला नसता.

मी बास्केटबॉलची चाहती आहे, खेळाडू नाही. हा सामना झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. हॉस्टेलमध्ये जेवणानंतर धुरकट रेकॉर्डिंग बघून मी त्याच्या प्रेमात पडले, आणि मग संशोधन करणाऱ्या माणसाला जी खोड लागते ती लागली: स्कोअरशीट घेऊन बसायचं. तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करताहेत किंवा नुकतंच गाइड शोधायला लागलेत, त्यांच्यासाठी आज ही स्कोअरशीट उलगडते. संशोधन पद्धतीच्या पेपरमधली निम्मी प्रकरणं या एका कागदावर सापडतात, आणि गोष्टही चांगली आहे.

हा सामना जिथे जिथे आठवला जातो तिथे एक आकडा येतोच: ७८.६ टक्के. विलानोवाने चालू खेळात २८ शॉट घेतले, त्यातले २२ आत गेले. दुसऱ्या हाफमध्ये तर १० पैकी ९. हॅरल्ड जेन्सन नावाचा राखीव खेळाडू ५ पैकी ५, गॅरी मॅक्लेन ३ पैकी ३. अशा पातळीच्या सामन्यात निम्मे शॉट गेले तरी कोच खूश असतो. म्हणून या सामन्याला अमेरिकेत सर्रास 'परिपूर्ण सामना' म्हणतात. मीही तेच म्हणायचे.

आता एक साधा प्रश्न. इतकं परिपूर्ण खेळूनही फरक फक्त दोन गुणांचा का?

उत्तर छेदात आहे. शाळेत अपूर्णांक शिकताना आपण अंशाकडे बघायला शिकतो, छेद फक्त खाली बसलेला असतो. विलानोवाचा छेद २८ होता. जॉर्जटाउनचा ५३. त्यांनी ५३ शॉट घेतले आणि २९ टाकले, म्हणजे जवळपास ५५ टक्के. हा आकडाही उत्तमच आहे, पण त्याची आठवण कोणी काढत नाही. विलानोवाने १७ वेळा बॉल गमावला. शॉट मारायच्या आधीच बॉल हातातून गेला तर तो टक्केवारीत कुठेच दिसत नाही. समजा एखाद्या फलंदाजाचा स्ट्राइक रेट काढताना तो धावबाद झालेले डाव बाजूला ठेवले, तर काय होईल? तसंच काहीसं.

म्हणजे चालू खेळातल्या बास्केट जॉर्जटाउनच्या जास्त: २९ विरुद्ध २२. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती, ती १९८६-८७ च्या मोसमात आली. प्रत्येक बास्केटचे दोन गुण. हिशोब सरळ आहे: ५८ विरुद्ध ४४. चालू खेळात जॉर्जटाउन चौदा गुणांनी पुढे होतं! उरलेलं सगळं फ्री थ्रोवर झालं. विलानोवाने २७ पैकी २२ टाकले, जॉर्जटाउनने ८ पैकी ६. सोळा गुणांचा फरक. सोळातून चौदा गेले, राहिले दोन.

हे कागदावर मांडून झालं तेव्हा मला घोडं गंगेत न्हाल्यासारखं वाटलं होतं. इतकी वर्षं सगळे शॉट बघत बसले आणि सामना जिंकला होता फ्री थ्रो रेषेवर! आमच्या लॅबमधल्या एका सीनियरला मी हे फार ऐटीत सांगितलं. तो बास्केटबॉल बघत नाही. त्याने चहा ढवळत विचारलं, "फ्री थ्रो मिळतात कधी?"

फाउल झाल्यावर.

"आणि पुढे असलेल्या टीमला शेवटी फाउल कोण करतं?"

इथे मी गप्प. कारण बास्केटबॉलमध्ये मागे पडलेली टीम शेवटच्या मिनिटांत मुद्दाम फाउल करते. घड्याळ थांबतं, समोरचा फ्री थ्रो घेतो आणि बॉल परत मिळायची शक्यता तयार होते. म्हणजे विलानोवा फ्री थ्रोमुळे पुढे गेला, की पुढे होता म्हणून त्याला फ्री थ्रो मिळाले? स्कोअरशीट परत बघितली. मध्यंतराला स्कोअर २९-२८, विलानोवा एका गुणाने पुढे. पहिल्या हाफमध्ये त्यांच्या १३ बास्केट, म्हणजे २६ गुण. फ्री थ्रोचे फक्त ३. दुसऱ्या हाफमध्ये ९ बास्केटचे १८ गुण आणि फ्री थ्रोचे १९! सुमारे अडीच मिनिटं उरली असताना जेन्सनच्या शॉटने विलानोवा ५५-५४ असा पुढे गेला. त्यानंतर त्यांनी आणखी ११ गुण केले आणि त्यातला मोठा वाटा फ्री थ्रोचाच होता. माझा 'शोध' सगळा खोटा नव्हता, पण कारण आणि परिणाम यांची मी अदलाबदल करून बसले होते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य मी नेटच्या परीक्षेत लिहून आले होते. चहाच्या टपरीवर ते आठवलं नाही, एवढंच.

अजून एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. शॉट मारताना खेळाडूवर फाउल झाला आणि शॉट चुकला, तर नियमाप्रमाणे तो शॉट 'प्रयत्न' म्हणून मोजलाच जात नाही. फाउल होऊनही आत गेला तर मात्र मोजला जातो. म्हणजे २८ हा आकडासुद्धा निसर्गाने दिलेला नाही, तो एका व्याख्येतून आलेला आहे, आणि ती व्याख्या चुकलेल्या शॉटना गाळायच्या बाजूने झुकलेली आहे. विलानोवाचे असे किती शॉट छेदातून गायब झाले ते टक्केवारी सांगत नाही. याचा अर्थ ते भारी खेळले नाहीत असा अजिबात नाही. मी रेकॉर्डिंग बघितलंय, भारीच खेळले. पण ७८.६ हा जो दशांश चिन्हासकट ताठ उभा राहिलेला आकडा आहे, त्याच्या पायाखाली एक नियमपुस्तिका आहे.

हे मला इतकं का झोंबलं ते सांगते. पहिल्या वर्षी माझ्या एका प्रयोगात नऊपैकी आठ प्लेट्सवर अपेक्षित परिणाम दिसला. स्लाइडवर मी '८८.९ टक्के' असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि परिषदेसाठी सारांशही पाठवला. मुळात प्लेट्स चौदा होत्या. पाच कंटॅमिनेट झाल्या म्हणून मी त्या फेकून दिल्या होत्या, आणि फेकून दिलेल्या प्लेट्स कोण मोजतं? दुसऱ्या बॅचमध्ये परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. मग वही उघडून बघितलं, तर त्या पाचांपैकी चार प्रक्रिया केलेल्या गटातल्या होत्या. कंटॅमिनेशन आणि माझी प्रक्रिया यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सारांश मागे घ्यावा लागला. कोणी फसवलं नव्हतं, कोणी घाई केली नव्हती. छेद मीच ठरवला होता, आणि ठरवतेय हे मला कळलंही नव्हतं.

असो. परत लेक्सिंग्टनला.

२८ पैकी २२ हा नुसता योगायोग म्हणायचा का? बोलाफुलाला गाठ? याचं उत्तर काढता येतं, आणि ते काढताना एक गंमत होते. समजा विलानोवाचा प्रत्येक शॉट आत जायची शक्यता निम्मी आहे आणि प्रत्येक शॉट स्वतंत्र आहे. मग २८ पैकी २२ किंवा जास्त जायची संभाव्यता साधारण ५४० त एक येते. चमत्कारच! आता ५० ऐवजी ५५ टक्के धरा. उत्तर होतं ११६ त एक. ६० टक्के धरा: ३२ त एक. चांगले पास देऊन, घाई न करता, फक्त खात्रीचे शॉट घेणाऱ्या संघासाठी ६० टक्के हे काही अशक्य गृहीतक नाही. बघा, सामना तोच, शॉट तेच. शून्य परिकल्पनेत पाच-दहा टक्के इकडचे तिकडे केले की 'चमत्कार' उतरून 'महिन्यातून एखादा चांगला दिवस' होतो. तुम्ही पुढे पी-व्हॅल्यू लिहाल तेव्हा ती कशाच्या तुलनेत काढली आहे ते आधी लिहा. एक्सेल किंवा आरमध्ये द्विपद वितरण वापरून हे तीन आकडे स्वतः काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मुळात २८ च शॉट का? वीस मिनिटांच्या दुसऱ्या हाफमध्ये दहा, म्हणजे सरासरी दोन मिनिटाला एक. आजचा सामना बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. कारण आज शॉट क्लॉक असतं. ठराविक सेकंदांत शॉट मारावाच लागतो. १९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते नव्हतं. बॉल हातात आहे तोवर पास करत राहा, कोणी उठवणार नाही. पहिल्या हाफच्या शेवटी विलानोवाने असाच बॉल फिरवत ठेवला आणि अगदी शेवटच्या क्षणांत हॅरल्ड प्रेस्लीने बास्केट केली. तो एका गुणाचा फरक तिथूनच आला.

संथ खेळ कोणाच्या फायद्याचा? इथे संख्याशास्त्र चाहत्याच्या मदतीला येतं. प्रत्येक फेरी जिंकायची तुमची शक्यता ४० टक्के आहे आणि माझी ६०. एकच फेरी खेळलो तर तुम्ही ४० टक्के वेळा जिंकाल. तीन फेऱ्या खेळलो तर ३५. अकरा खेळलो तर २५ च्या आसपास. एकशे एक खेळलो तर जेमतेम दोन टक्के. फेऱ्या जितक्या जास्त, तितका बलवान संघ आपल्या खऱ्या ताकदीजवळ सरकतो. म्हणून दुबळ्याने सामना छोटा करावा, नमुना लहान ठेवावा. विलानोवाचे कोच रॉली मासिमिनो यांनी हे गणित मांडलं असेल असं मी म्हणत नाही. पण ते ज्या सबुरीच्या खेळासाठी ओळखले जायचे, त्यात हे गणित आपोआप बसतं. त्या स्पर्धेतले त्यांच्या संघाचे स्कोअर बघा: ५१-४९, ५९-५५, ४६-४३, ५६-४४, ५२-४५, आणि मग ६६-६४. यातला ४६-४३ तर आजच्या प्रेक्षकाला मध्यंतराचा वाटेल.

त्या पहिल्या ५१-४९ वर मला थोडं थांबायचंय. तो सामना डेटन विद्यापीठाशी होता आणि तोही डेटनच्याच घरच्या मैदानावर. दोन गुणांचा फरक. तिथे एखादा शॉट रिंगवरून बाहेर पडला असता तर विलानोवा पहिल्याच फेरीत घरी. मग फायनल नाही, ७८.६ नाही, पुस्तकं नाहीत, आणि मी आज हे लिहीतही नसते. त्याच वर्षी ही स्पर्धा पहिल्यांदा ६४ संघांची झाली होती. त्यातले ६३ कुठे ना कुठे हरलेच. त्यांच्यातही एखादा संघ एखाद्या रात्री अफाट खेळून दोन गुणांनी हरला असेल, पण त्या रात्रीची गोष्ट कोणी सांगत नाही. जर्नलमध्ये छापून आलेले निकाल वाचताना मला हल्ली त्या ६३ संघांची आठवण होते.

'लिंबूटिंबू विरुद्ध पहिलवान' ही कथाही जरा तपासून घ्यावी लागते. विलानोवाला आपल्या विभागात आठवं मानांकन होतं हे खरं. इतक्या खालच्या मानांकनाच्या संघाने ही स्पर्धा जिंकल्याचं दुसरं उदाहरण नाही, हेही खरं. नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात पिट्सबर्गकडून ते ८५-६२ असे आडवे झाले होते. पण विलानोवा आणि जॉर्जटाउन एकाच गटात, म्हणजे बिग ईस्टमध्ये खेळायचे. त्याच मोसमात त्यांचे आधी दोन सामने झाले होते आणि दोन्ही जॉर्जटाउनने जिंकले: एक जादा वेळेत ५२-५०, दुसरा ५७-५०. तिन्ही सामने एकत्र धरा. जॉर्जटाउन १७३, विलानोवा १६६. तीन लढतींत मिळून सात गुणांचं अंतर. हे दोन संघ एकमेकांना आतून-बाहेरून ओळखत होते आणि त्यांच्यात फरक फार नव्हता. तिसऱ्या वेळी फासा पलटला आणि आपण पहिले दोन विसरलो, कारण चषक तिसऱ्याला होता.

पॅट्रिक युइंगच्या बाजूने बघितलं तर हे आणखी टोचतं. चार वर्षांच्या कॉलेज कारकिर्दीत तो तीन फायनल खेळला. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून ६३-६२ ने हरला. निर्णायक शॉट मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने मारला होता. १९८४ मध्ये जिंकला. १९८५ मध्ये ६६-६४. दोन पराभव, मिळून तीन गुण. हे तीन गुण उलटे पडले असते तर आज त्याच्या नावापुढे तीन राष्ट्रीय विजेतेपदं असती आणि लोक म्हणाले असते, मोठ्या सामन्यात हाच खरा! खेळाडू तोच, उंची तीच, मेहनत तीच. निकालावरून गुणवत्तेकडे उलटं चालत जाण्याची आपल्याला फार सवय आहे. बक्षीस समारंभात जॉर्जटाउनचे खेळाडू उभे राहून विलानोवासाठी टाळ्या वाजवत होते. रेकॉर्डिंगमध्ये मला तो भाग सामन्याइतकाच आवडतो.

पुढच्याच मोसमात पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. पुढे ते ३५ झालं, मग ३०. म्हणजे शॉट क्लॉकशिवाय झालेली ही शेवटची फायनल. तिचे विक्रम नंतरच्या फायनलशी तोलताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रयोगाची परिस्थितीच बदललेली आहे. कोणी २८ शॉटमध्ये सामना जिंकेल, असा सामनाच आता होत नाही.

राहिला जेन्सन. ५ पैकी ५. "आज याचा दिवस आहे" असं आपण ज्याला म्हणतो, त्याला बास्केटबॉलमध्ये 'हॉट हँड' म्हणतात. योगायोग बघा: त्याच १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या तिघांचा प्रसिद्ध शोधनिबंध 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी'मध्ये छापून आला. त्यांनी शॉटच्या नोंदी तपासल्या (एक मोठा संच तर फिलाडेल्फियाच्याच व्यावसायिक संघाचा होता), कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंकडून शॉट मारून घेतले आणि निष्कर्ष काढला की हॉट हँड हा भास आहे. सलग शॉट गेल्यावर पुढचा जायची शक्यता वाढत नाही. खेळाडू आणि कोच चिडले, संख्याशास्त्रवाले खूश झाले. तीसेक वर्षं हा निष्कर्ष वर्गावर्गांत शिकवला गेला.

२०१८ मध्ये मिलर आणि सॅनहुर्हो या दोघांनी 'इकॉनोमेट्रिका'मध्ये दाखवून दिलं की मूळ मोजमापातच एक बारीक खोट होती. ती समजायला पीएचडी लागत नाही, वही-पेन लागतं. नाणं तीनदा उडवा. आठ शक्यता आहेत, सगळ्या लिहून काढा. प्रत्येक ओळीत बघा: छापानंतर लगेच जी उडी आली, त्यात छाप किती टक्के? ज्या दोन ओळींत छापानंतर उडीच येत नाही त्या सोडा. उरलेल्या सहा ओळींच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढा. तुम्ही म्हणाल ५० टक्के. येतात बाराला पाच, म्हणजे सुमारे ४२. नाण्यात काही गडबड नाही. प्रत्येक ओळीची टक्केवारी आधी वेगळी काढून मग सरासरी घेतली की छेद बदलतात आणि उत्तर खाली सरकतं. हा झुकाव लक्षात घेऊन जुने आकडे पुन्हा तपासले, तर हॉट हँडच्या बाजूने पुरावा निघतो.

मी पहिल्यांदा ते कोष्टक मांडलं तेव्हा तीन वेळा चुकले. तुम्हीही मांडा, मोबाइल बाजूला ठेवून. आणि जेन्सनचा हात त्या रात्री खरंच तापला होता का, असं मला विचारू नका. पाच शॉटवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. मात्र अडीच मिनिटं उरलेली, एका गुणाने मागे, बॉल त्याच्या हातात आला आणि त्याने तो उडवला. एवढं रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतं.